नावापुरती भाषा

"आज्जी, 'नाओम्ह' नाही गं. 'नीव'!"

सात वर्षांच्या नातवानं भर मैदानात माझी चूक काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघी बायका गालातल्या गालात हसल्या. मी आपली पाहुण्या संघातल्या पोराच्या पिशवीवरचं नाव एकेक अक्षर लावून वाचत होते. एन, ए, ओ, एम, एच. आता याचा उच्चार 'नाओम्ह' केला तर माझं काय चुकलं? पण आयरिश भाषेत एमपुढे एच आला की त्याचा 'व' होतो. 'नीव' म्हणजे संत. 'नीव मार्नोग' म्हणजे संत मार्नोग. डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठी पोर्टमार्नॉक नावाचं उपनगर आहे, तिथल्या क्लबचं हे नाव.

२०२४च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं बडोद्याहून मुलीकडे तीन महिने राहायला गेलो होतो. तिचं घर ग्लासनेव्हिन भागात. शनिवारी सकाळी नातवाला मोबी रोडवरच्या मैदानावर न्यायचं काम आमच्याकडे आलं. हे कानटोपी घालून गाडीत बसून राहायचे आणि मी छत्री घेऊन कडेला उभी. पोरांच्या डोक्यावर शिरस्त्राणं, हातात अ‍ॅशच्या लाकडाच्या, टोकाला पसरट अशा काठ्या. हा हर्लिंगचा खेळ. लांबून हॉकीची बहीण वाटते, पण चेंडू जमिनीपेक्षा हवेतच जास्त. पहिले दोन शनिवार मला वाटत होतं, शिकवणारे गृहस्थ पोरांना 'कम ऑन, कम ऑन' म्हणून हाकारताहेत. तिसऱ्या शनिवारी कळलं, ते काठ्या उचलायला सांगत होते! काठीला आयरिशमध्ये 'कमॉन'च म्हणतात. 'काम' म्हणजे वाकडं, वाकडी ती कमॉन.

आमच्या नातवाच्या क्लबचं नाव 'ना फिअना'. फिन मक्कूल हा त्यांच्या पुराणकथांतला महावीर, त्याच्या लढवय्यांची टोळी ती फिअना. क्लब मात्र पुराणातला नव्हे, १९५५चा. तिथं जमणारे आईबाप आपसांत इंग्रजीच बोलतात. पोरं इंग्रजीत भांडतात, इंग्रजीत रडतात. मग पाटीवर, पिशवीवर, सदऱ्यावर ही अवघड नावं कशाला, असा माझा साधा प्रश्न होता.

तो मी विचारला कॉर्कच्या आजीबाईंना. त्याही नातवाला घेऊन यायच्या. माहेर दक्षिणेकडचं कॉर्क शहर, लग्न होऊन डब्लिनला आलेल्या. थर्मासमधला चहा आम्ही वाटून प्यायचो. 'नीव' शब्द निघाला तेव्हा त्या ठसक्यात म्हणाल्या, "डब्लिनची पोरं म्हणतात नीव. आमच्याकडे 'नेव' म्हणतात, आणि तेच बरोबर!" मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमचं गुजराती वळणाचं मराठी ऐकून पुण्याची मंडळी अशीच बोलतात.

कॉर्कचं मोठं मैदान आहे 'पार्क ई ख्वीव'. हे नाव लिहायचं कसं, हे आजीबाईंनी मला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं. शेवटच्या शब्दात सी, एच, ए, ओ, आय, एम, एच अशी सात अक्षरं, आणि त्यातून निघतं काय, तर 'ख्वीव'! पोरिग ओ क्वीव नावाचे गृहस्थ १९२९ ते १९६४, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षं, या खेळांच्या मध्यवर्ती संघटनेचे सरचिटणीस होते. त्यांच्या नावानं हे मैदान १९७६ साली उघडलं. माणसाच्या नावानं मैदान किंवा आखाडा, यात आपल्याला नवल नाही. आमच्या बडोद्यात प्रो. माणिकरावांनी आपल्या उस्तादांच्या नावानं चालवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहेच. पण 'ओ क्वीव' यांच्या मैदानाचं 'ई ख्वीव' का झालं?

याचं उत्तर आजीबाईंना देता येईना. "शाळेत असंच शिकवलं," एवढंच त्या म्हणाल्या. ते मला घरी बसून उलगडलं आणि उलगडलं तेव्हा मी एकटीच हसले. अहो, ही तर षष्ठी! आपण 'बडोदाचं' म्हणतो का? 'बडोद्याचं' म्हणतो. प्रत्यय लागायच्या आधी शब्द जरासा वाकतो. आपल्याकडे शब्दाचं शेपूट वाकतं, त्यांच्याकडे डोकं. 'ओ'चा 'ई' होतो आणि 'क'ला हकार लागून 'ख'सारखा आवाज येतो. शाळेत सामान्यरूपापायी छड्या खाल्लेल्या मला त्या सात अक्षरांबद्दल एकाएकी माया वाटू लागली. आणि हा 'ओ' म्हणजे तरी काय? मूळ अर्थ नातू. म्हणजे अमक्याचा वंशज. आपली आडनावं गाव सांगतात, त्यांची आजोबा सांगतात. (मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव लावणारे लिओ वराडकर त्या देशाचे दोनदा पंतप्रधान झाले, ही गंमत वेगळी.)

जानेवारी २०२४मध्ये याच मैदानावरून मोठं वादळ झालं होतं. मैदानाच्या पुनर्बांधणीचं कर्ज डोक्यावर होतं, म्हणून एका सुपरमार्केट साखळीकडून पैसे घेऊन मैदानाला 'सुपरव्हॅल्यू पार्क' म्हणायचं घाटत होतं. बातमी फुटली आणि कॉर्ककर खवळले. तेव्हाचे उपपंतप्रधान मिहॉल मार्टिन कॉर्कचेच. त्यांनीही उघड नाराजी दाखवली. शेवटी तडजोड झाली ती 'सुपरव्हॅल्यू पार्क ई ख्वीव' अशी. आजीबाईंना तेही पसंत नव्हतं. "पण ख्वीव राहिला," असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला.

यातली गोम अशी, की 'पार्क' हा शब्द आयरिश भाषेनं बाहेरूनच उसना घेतलेला. (आपला 'मैदान' तरी कुठं आपला? तोही फारसीतून आलेला.) ख्वीव गेला असता तर त्या नावात आयरिश म्हणावं असं काहीच उरलं नसतं.

तरी माझ्या मनातली शंका पुरती गेली नव्हती. २०२२च्या जनगणनेत आयरिश येतं असं अठरा लाखांहून अधिक लोकांनी सांगितलं, पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे सुमारे ७२ हजार. देशाची लोकसंख्या ५१ लाखांच्या वर. राज्यघटनेत पहिली राजभाषा, आणि बाजारात भाजी घेताना मात्र कुणाच्या तोंडी नाही. जावई म्हणाले, "आई, हे सगळं नावापुरतं आहे. पाट्या आणि सदरे." हे म्हणाले, "बरोबर आहे." मीही मान डोलावली.

दुसऱ्या शनिवारी तेच मी आजीबाईंना जरा मऊ करून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काठीची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवत. मूल आयरिश बोललं की तिच्यावर एक खाच. मग खाचा मोजून शिक्षा. "आणि हे नुसते मास्तर नव्हते करत," त्या म्हणाल्या, "घरी आईबापसुद्धा खाच पाडत. पोरानं इंग्रजी शिकावं, बोटीत बसावं, पोट भरावं म्हणून." १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात उपासमारीनं आणि रोगराईनं मेले ते बहुतेक गरीब, आणि गरिबांची भाषा आयरिश. त्यानंतर त्या भाषेला भुकेचाच वास यायला लागला.

मी गप्प झाले. माझ्या मुलीला इंग्रजी शाळेत मीच घातलं होतं. घरीसुद्धा इंग्रजीत बोल, सराव होईल, असं रोज मीच सांगायची. सासूबाई म्हणायच्या, पोरीला मराठी श्लोक तरी शिकव. मी म्हणायची, पुढे बघू. काठी नव्हती, खाच नव्हती. तिला काळजी लागू नये म्हणून मी सगळं हसतखेळत केलं. आज तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं आहे आणि तिच्या मुलाचं समजण्यापुरतं. तो माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. 'आज्जी' आणि 'गं' एवढे दोन शब्द मराठी. मग नावापुरती भाषा म्हणून मी कुणाला हसावं?

ही खेळांची संघटना निघाली ती १ नोव्हेंबर १८८४ला, टिपरेरी परगण्यातल्या थर्ल्स गावी, हेज यांच्या हॉटेलात. पुढाकार मायकल क्युसॅक या शिक्षकाचा. इंग्रजांचे खेळ आणि इंग्रजांचे शिष्टाचार यांत आपले खेळ बुडताहेत, या चिडीतून ती जन्मली. आश्रयदाते म्हणून आर्चबिशप क्रोक यांना विनंती केली, त्यांचं नाव १९१३मध्ये डब्लिनच्या मुख्य मैदानाला दिलं. क्रोक पार्क. पाटीवर 'पार्क अन ख्रोकी', लोकांच्या तोंडी नुसतं 'क्रोकर'. याच मैदानात २१ नोव्हेंबर १९२०ला सामना चालू असताना ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला. चौदा जण गेले, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन. तिथली एक प्रेक्षकसज्जा त्याच्या नावाची आहे. जालियनवाला बागेला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं.

नावं देताना ही मंडळी सरळ वागली असं मात्र नाही. डग्लस हाइड हे आयरिश भाषा वाचवायला १८९३मध्ये निघालेल्या गेलिक लीगचे संस्थापक, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९३८मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून ते एका फुटबॉल सामन्याला हजर राहिले. विदेशी खेळ बघितला, म्हणून खेळसंघटनेनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं! आणि आज रॉसकॉमनमध्ये त्याच संघटनेचं मैदान आहे, 'डॉक्टर हाइड पार्क'. जिवंतपणी हाकलायचं आणि मेल्यावर पाटी लावायची, हे सगळीकडे सारखंच दिसतं.

१९ जानेवारी २०२५ला, रविवारी, आम्ही सगळे क्रोकरला गेलो. देशातल्या क्लबांचे दोन्ही अंतिम सामने त्या दिवशी होते. हर्लिंगमध्ये आमचा ना फिअना विरुद्ध कॉर्कचा सार्सफील्ड्स. गेलिक फुटबॉलमध्ये डब्लिनच्याच दक्षिण टोकाचा 'कूला', हे जुन्या एका मुलखाचं नाव, विरुद्ध टिरोनचा 'एरिगल कीरॉन', म्हणजे संत कीरॉनचं प्रार्थनामंदिर. चार अंतिम क्लबांतली तीन नावं आयरिश. या खेळाडूंना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. सोमवारी पुन्हा शाळेत शिकवायला नाही तर कचेरीत जायचं. कॉर्कच्या आजीबाईंची त्या दिवशी पंचाईत होती. माहेर एकीकडे, नातू दुसरीकडे. त्यांनी दोन्ही रंगांचे मफलर घातले होते.

ना फिअना जिंकला, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. कूलाही जिंकला. आमच्या मागच्या रांगेतला एक आडदांड माणूस हमसून हमसून रडत होता. तिथला रिवाज असा, की करंडक घेताना कप्तानानं सुरुवातीची दोन वाक्यं तरी आयरिशमध्ये बोलायची. अनेकांची ती घोकून पाठ केलेली असतात. पण १९८०मध्ये, १९२३ नंतर पहिल्यांदाच गॉलवे परगणा जिंकला, तेव्हा जो कॉनली या कप्तानानं बहुतेक भाषणच आयरिशमध्ये केलं होतं. "मला निम्मंच कळलं," आजीबाईंनी मला सांगितलं होतं, "पण रेडिओपुढून उठवेना."

परतायच्या आदल्या शनिवारची गोष्ट. आमच्या नातवाच्या नावात 'ज्ञ' आहे. इंग्रजीत तो आम्ही मराठी माणसं डी, एन, वाय असा लिहितो. इथं दिल्लीकरसुद्धा त्यावर अडखळतात, तर तिथल्या शाळेत काय होत असेल! त्यानं हळूहळू स्वतःच नावाचा तुकडा पाडून सोपा केला होता. शिकवणारे गृहस्थ मला म्हणाले, "आज्जी," हो, तेही आज्जीच म्हणायचे, "त्याचं खरं नाव एकदा म्हणून दाखवा." मी म्हटलं. त्यांनी म्हणून पाहिलं. जमेना. पुन्हा. चौथ्या खेपेला जमलं. म्हणाले, "आमच्या नावांपेक्षा सोपं आहे." मग पोरांना जमवून सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. पंधरा-वीस लाल गालांची पोरं पावसात उभी राहून 'ज्ञ' म्हणत होती आणि आमचं पोर लाजून चूर.

घरी आल्यावर त्यानं कमॉन माझ्यापुढे धरली. मुठीवर नवीन पट्टी गुंडाळली होती. सगळी पोरं तिथं नाव लिहितात. मला म्हणाला, तुझ्या अक्षरांत लिही. मी चष्मा लावून, काळ्या पेननं, एकेक अक्षर सावकाश काढलं. तो वाकून बघत होता. 'ज्ञ'वर बोट ठेवून म्हणाला, "आज्जी, यात डी कुठंय?"

"नाही."

"एन?"

"तोही दिसत नाही. ज आहे आणि ञ आहे. पण तेसुद्धा दिसत नाहीत."

तो थोडा वेळ त्या अक्षराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपलं पण तसंच!" आणि पट्टीवरची शाई वाळायच्या आत काठी घेऊन बाहेर पळाला.