लंडन ते नालासोपारा : आईला घेऊन परतीचा प्रवास

धाकटा भाऊ लंडनच्या एका रुग्णालयात परिचारक आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता व आमची पंचाहत्तर वर्षांची आई २०२४ च्या सप्टेंबरात तिकडे गेलो. साठवलेली अर्जित रजा आणि थोडी बिनपगारी रजा काढून अडीच महिने राहिलो. तिकडचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आज लिहायचे ते परतीविषयी. कारण जाण्यापेक्षा येणेच आम्हाला जड गेले.

व्हिसा सहा महिन्यांचा होता. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही दोघे जा, आईला मार्चपर्यंत राहू द्या." आईने मान हलवली. भाऊ-भावजय दिवसभर कामावर, चार वाजताच अंधार, बोलायला शेजारीण नाही. "करोनाचं वर्ष सोडलं तर सहा डिसेंबरला मी चैत्यभूमीवर नाही असं झालं नाही," ती म्हणाली. विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसल्यावर तिने भावाच्या तोंडावरून हात फिरवला. "मी आता पुन्हा यायची नाही रे. तूच येत जा." तपासणीच्या दारापुढे त्याला येता येत नव्हते. तो तिथेच उभा राहिला. आई वळून पाहत होती तोवर आम्ही खुर्ची हळू न्यायला सांगितली.

विमान रात्री साडेनऊचे. सात हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, नऊ तासांचा प्रवास. पण मुंबईत उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते! लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून असे होते. "माझी अर्धी रात्र कुणी चोरली?" असे आईने सुनेला विचारले. म्हाताऱ्या माणसांना नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. बसून बसून पाय सुजतात, म्हणून सौ. आईला अधूनमधून उठवून चालवीत होती व पाणी पाजीत होती.

झोप येईना, तेव्हा आईने बाबासाहेबांच्या घराचा विषय काढला. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. तिथे आई पांढरे लुगडे नेसून गेली होती. आम्ही तिला १९१७ ची हकीकत सांगितली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले, ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तके गेली. पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व अभ्यास पुरा केला. आई बराच वेळ गप्प होती.

योगायोग पाहा. मुंबईत आमची एक बॅग आलीच नाही, आणि नेमके त्यातच आईचे पांढरे लुगडे! आम्ही बाहेर पडण्यापूर्वीच तिथल्या खिडकीवर लेखी तक्रार देऊन नोंदीचा क्रमांक घेतला. वाचकांनीही हे विसरू नये. बॅगेची पावती जपून ठेवावी. एकवीस दिवसांत बॅग मिळाली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. आई मात्र म्हणाली, "बाबासाहेबांची पुस्तकं बुडाली तरी ते परत गेलेच ना? लुगड्याचं काय एवढं!"

अंधेरीहून विरार लोकल धरली. दुपार असल्याने आईला बसायला जागा मिळाली. भाईंदर सुटले, गाडी खाडीच्या पुलावर आली, खारा वारा आत शिरला आणि आईने डोळे मिटून तो श्वास भरून घेतला. आपला सोपारा हे एकेकाळचे मोठे बंदर. इथले व्यापारी समुद्रापार जात. शूर्पारकच्या पूर्णाची कथा बौद्ध ग्रंथांत आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथे मिळाले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला. ज्यांची मुले दूर गेली अशा आया या गावाला नव्या नाहीत.

चाळीच्या तोंडाशी बायका जमल्या होत्या. कुणी चहा आणला, कुणी भाकरी. आई उंबऱ्यावरच बसली व तासभर बोलत राहिली. आठवडाभर तिला रात्री दोनला जाग येई. पाचव्या दिवशी बॅग आली. सहा डिसेंबरला तेच लुगडे नेसून ती दादरला गेली. रांगेतून तिने भावाला फोनवर गर्दी दाखवली. तिकडे तो रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. "पुढच्या वर्षी येतो, आई," तो म्हणाला.

आता आई रोज कॅलेंडर पाहते. आम्हीही पाहतो.