सैल बांधणी

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिकाची एक विनवणी पुष्कळदा आढळते. तीत पोथीच वाचकाशी बोलते: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती सोपवू नकोस. पदव्युत्तर वर्गात हस्तलिखितांचा परिचय करून देताना मी या विनवणीचा उल्लेख नेहमी करते. तेल, पाणी आणि मूर्ख यांच्यावर विद्यार्थी हसतात, बोलतात. सैल बांधणीपाशी मात्र कोणी थांबत नाही. पाने सुटतात, क्रम बिघडतो, एवढाच तिचा अर्थ घेतला जातो. त्या दोन शब्दांत संहितेच्या जगण्यामरण्याचा प्रश्न दडलेला आहे, हे मला एका जुन्या सर्व्हरच्या आणि त्याला जोडलेल्या टेप ड्राइव्हच्या निमित्ताने उमगले.

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्या परिसरातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सरांनी २००१ ते २००३ या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पनवेल आणि उरण तालुक्यांतील धवलारिणींची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. कॅसेटवरचा आवाज संगणकात उतरवला गेला, सर्व्हरवर ठेवला गेला, आणि तिथून डेटा साठवण्याच्या टेपांवर त्याच्या प्रती काढल्या गेल्या. पुढे मूळ कॅसेटी बुरशीने गेल्या, सर्व्हरच्या डिस्कवरचा साठा नष्ट झाला, सरही गेले. उरल्या तळहातावर मावतील अशा अकरा टेपा, त्या लिहिणारा टेप ड्राइव्ह आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद असलेला तो सर्व्हर.

आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण ही केवळ गायिका नसते. विधीचा एकेक टप्पा तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतो. पूर्वी कित्येक ठिकाणी लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. ही गाणी कागदावर नसतात. एकीच्या मागे बसून दुसरीने ती उचलायची, हीच त्यांची पोथी. ज्या मुलखात ती गायली जात, तो मुलूखही आता पूर्वीचा राहिलेला नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा अशा दहा गावांचे पुनर्वसन झाले, उलव्याची टेकडी कापली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. माणसे नव्या वसाहतींत गेली. गाण्यात नावाने येणारी वेस, विहीर आणि खाडीचा काठ त्यांच्याबरोबर जाऊ शकला नाही. म्हणून त्या अकरा टेपा वाचता येणे हा आमच्या विभागापुरता प्रश्न नव्हता.

संगणकशास्त्र विभागातल्या तरुण सहकाऱ्याने खोके उघडले तेव्हा मी टेपांच्याच काळजीत होते. इतक्या पावसाळ्यांनंतर त्यांत काही उरले असेल का, असे मी विचारले. तो म्हणाला, "मॅडम, टेपला दोष शेवटी द्यायचा. आधी वायर बघायची." पुढचे तीन आठवडे आम्ही याच वाक्याच्या आधाराने काम केले.

आमचा ड्राइव्ह डीडीएस-४ या जातीचा. १९९९ साली आलेल्या या पिढीच्या एका टेपेवर २० गिगाबाइट मजकूर मावतो. टेपेची रुंदी जेमतेम ४ मिलिमीटर. फिरत्या नळकांड्यावरची सूक्ष्म शीर्षे तिच्यावर तिरप्या रेषांत लिहितात. शीर्षांचा हा कोन एका यंत्रात किंचित बदललेला असेल, तर त्याने लिहिलेली टेप दुसरे यंत्र कित्येकदा वाचत नाही. तेव्हा ज्याने लिहिले त्याच्याकडूनच वाचून घेणे श्रेयस्कर. या घराण्याची शेवटची पिढी, डॅट-३२०, २००९ साली आली; त्यानंतर वंश खुंटला.

सर्व्हर सुरू झाला, पण ड्राइव्ह कधी दिसे, कधी दिसेना. या पिढीच्या सर्व्हरांत 'स्कझी' नावाची जोडणी असते. एकाच तारेवर अनेक यंत्रे माळेसारखी ओवलेली असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. नियंत्रक कार्डाचा क्रमांक बहुधा ७. दोन यंत्रांना एकच क्रमांक पडला, तर हाक मारल्यावर दोघेही ओ देतात आणि गोंधळ माजतो. आमच्या ड्राइव्हचा क्रमांक मागच्या छोट्या खटक्यावर तपासला. तो स्वतंत्र होता. दुसरी खबरदारी क्रमाची. सर्व्हर जागा होतानाच तारेवर कोण कोण आहे याची हजेरी घेतो, म्हणून आधी ड्राइव्ह सुरू करायचा आणि मग सर्व्हर. हे केल्यावर ड्राइव्हचे नाव पडद्यावर नेमाने उमटू लागले. स्थिती विचारली की उत्तर येई. टेप वाचायला सांगितली की काही क्षणांत त्रुटी. यंत्र 'मी आहे' म्हणत होते, वाचत मात्र नव्हते.

याचे कारण तारेच्या शेवटच्या टोकाला होते. स्कझीच्या माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागतो. त्याचे काम एवढेच, की तारेतून आलेला संकेत टोकाशी पोहोचला की तिथे शमवायचा. तो नसेल तर संकेत टोकावर आदळून माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. लहानसा निरोप या गोंधळातूनही निभावतो. मजकुराचा लोंढा मात्र विस्कटतो. माळेचे एक टोक कार्डाने सांभाळले होते. दुसऱ्या टोकाला, ड्राइव्हच्या मागच्या रिकाम्या खाचेत, काहीच नव्हते. अंगठ्याएवढा तो टर्मिनेटर 'सुटे भाग' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात सापडला. त्याला वायर नाही, बटण नाही, त्यामुळे ओळख नसलेल्याला तो निरुपयोगी वाटावा हे स्वाभाविकच होते. तारेच्या ६८ टाचण्यांपैकी एक वाकलेली होती. पेन्सिलच्या शिशाच्या पोकळ टोकाने तिला हलकेच सरळ केले. साफसफाईची कॅसेट एकदा फिरवली. मग टेपेचा लेखनरोधक खटका सरकवून, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही याची खात्री करून, पहिली टेप आत घातली. ती वाचली गेली.

पण गाणी तीनच निघाली. सरांच्या वहीत त्या टेपेसमोर एकोणीस नोंदी होत्या. इथे अडचण तारेची नव्हती, हाक मारण्याच्या रीतीची होती. लिनक्स प्रणालीत एकाच टेप ड्राइव्हला दोन नावे असतात. पहिल्या नावाने आज्ञा दिली की काम संपताच टेप आपोआप आरंभाला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने दिली की ती जिथे थांबली तिथेच राहते. सरांनी एका टेपेवर एकापुढे एक अनेक गठ्ठे ठेवले होते. पहिल्या नावाने कितीही वेळा वाचले तरी पहिलाच गठ्ठा हाती येणार. दुसऱ्या नावाने हाक मारताच टेप पुढे सरकली आणि एकोणीसच्या एकोणीस गाणी आली. टेपेला पाने नसतात. हवे ते पान उघडण्याची सोय तिथे नाही. पारायणासारखे आरंभापासून क्रमानेच जावे लागते.

टेपांवर ध्वनीबरोबर विद्यार्थ्यांनी केलेली लिखित प्रतही होती. ती युनिकोडपूर्व काळातल्या एका मराठी फाँटमध्ये होती. त्या काळी प्रत्येक फाँटची अक्षरांना क्रमांक देण्याची रीत वेगळी असे. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता सडा. परिवर्तकाने ती प्रत वाचनीय झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. धवलारिणी तसेच गात होत्या. आमच्या गुणी विद्यार्थ्यांनी मात्र ते सारे शुद्ध करून लिहिले होते. 'धवले' या शब्दाचेसुद्धा पानोपानी 'धवळे' झाले होते. बायकांचा उच्चार कागदावर कुठेही नव्हता; तो फक्त टेपेवर होता. ती वाचता आली नसती, तर ही सुधारलेली प्रतच मूळ संहिता म्हणून आमच्या ग्रंथालयात विराजमान झाली असती आणि पुढे कोणीतरी तिच्यावर प्रबंधही लिहिला असता.

'धवळे' म्हटले की आपल्याला महदंबा आठवते. तेराव्या शतकात तिने गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने रचलेले धवळे आपण अभ्यासक्रमात शिकवतो. पण ज्या महानुभाव वाङ्मयाचा ते भाग आहेत, ते शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. पोथ्या सुरक्षित होत्या. पंथाने त्या जिवापाड सांभाळल्या होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांपर्यंत त्या लिपीची किल्ली पोहोचली नव्हती, तोवर उर्वरित महाराष्ट्राच्या लेखी ते वाङ्मय असून नसल्यासारखेच होते. मोडीचेही तेच. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांची निवड प्रसिद्ध केली, ती मोडी सहज वाचणारी माणसे भोवती होती म्हणून. आज तेच रुमाल उघडले तर वाचक शोधावा लागतो. कागद शाबूत आहे, टोकाचा माणूस सुटला आहे.

म्हणून जतन या शब्दाकडे आपण जरा संशयाने पाहावे असे मला वाटते. आपल्याकडे जतन म्हणजे कपाट, कुलूप आणि नोंदवही. बीबीसीने १९८६ साली इंग्लंडमधील १०८६ च्या 'डूम्सडे बुक'च्या नवशताब्दीनिमित्त देशाचे नवे चित्र लेझर डिस्कवर नोंदवले. काही वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र आजही उघडून वाचता येते. वस्तू टिकली की संहिता टिकली, हे समीकरण खरे नाही. संहिता वस्तू आणि वाचक यांच्यामधल्या जोडणीत राहते. ती जोडणी यंत्राच्या बाबतीत ६८ टाचण्यांची, मोडीच्या बाबतीत वळणे ओळखणाऱ्या डोळ्यांची, आणि धवल्यांच्या बाबतीत मागे बसून सूर उचलणाऱ्या मुलीची असते. लेखनिकाला सैल बांधणीची भीती तेल-पाण्याइतकीच वाटत होती, यात आता मला अतिशयोक्ती दिसत नाही.

अकरापैकी नऊ टेपा वाचल्या गेल्या. उरलेल्या दोहोंवर पांढरी बुरशी आहे. तशा अवस्थेत त्या ड्राइव्हमध्ये घातल्या तर शीर्षेच खराब होतील, म्हणून त्या हवाबंद डब्यात कोरड्या ठेवल्या आहेत. जाणकार हात मिळेपर्यंत ड्राइव्ह मोडीत काढायचा नाही, असे ठरले आहे. त्याच्याबरोबर वायर, टर्मिनेटर, कोणत्या क्रमाने काय सुरू करायचे आणि कोणत्या नावाने हाक मारायची हे सारे साध्या मराठीत कागदावर लिहून ठेवले आहे. आधुनिक काळातली ती एक पुष्पिकाच म्हणायची.

मात्र नऊ टेपांतल्या काही गाण्यांत असे शब्द आहेत, जे आमच्या आगरी विद्यार्थ्यांनाही उलगडत नाहीत. एका विद्यार्थिनीने तिच्या आजीला ती गाणी ऐकवली. आजीने काही शब्दांचे अर्थ सांगितले, काहींवर 'आमची आय जानत व्हती' एवढेच म्हणाली. हे काम कोणत्याही तारेने होणारे नाही. या वर्षीच्या लघुप्रबंधांसाठी मी पाच विद्यार्थ्यांना हाच विषय दिला आहे, आणि आधी ऐका, मग लिहा, अशी एकच अट घातली आहे.