भिंगांचें गोत्र

आपल्या धर्मशास्त्रानें सगोत्र विवाह निषिद्ध मानला. कायद्यानें तो निर्बंध १९४६ सालींच उठविला असला, तरी पत्रिका जुळवितांना घरांतील वडील मंडळी गोत्र विचारल्यावांचून राहत नाहींत. कॅमेऱ्यांच्या समाजांत मात्र नेमका उलटा दंडक आहे. तेथें सगोत्र विवाह तेवढा शास्त्रसंमत, आणि परगोत्रांतली सोयरीक संशयास्पद! ज्या कारखान्याचा कॅमेरा, त्याच कारखान्याची लेन्स, म्हणजे आपल्या जुन्या भाषेंत भिंग, हा तेथला कुलाचार. त्रयस्थ कारखानदारानें घडविलेलें भिंग त्या कॅमेऱ्यावर नांदूं द्यावें कीं न द्यावें, या प्रश्नावर हौशी छायाचित्रकारांत जो वाद रंगतो, तो ऐकून विद्यापीठांतील अभ्यासमंडळांच्या सभा मला सौम्य वाटूं लागल्या आहेत.

वरवर पाहणाऱ्यास ही चैनीच्या वस्तूंवरची कुरबुर वाटेल. परंतु तिच्या बुडाशीं एक जुना प्रश्न आहे. रोख पैसे मोजून घरीं आणलेली वस्तु कितपत आपली होते, आणि कितपत ती विकणाऱ्याचीच राहते?

वादाचें मूळ कॅमेऱ्याच्या रचनेंत आहे. पूर्वींच्या एसएलआर कॅमेऱ्याच्या पोटांत एक तिरपा आरसा असे. त्याला हलावयास जागा हवी, म्हणून भिंग जेथें अडकतें तें कडें, म्हणजे माउंट, फिल्मपासून बरेंच दूर ठेवावें लागे. निकॉनच्या १९५९ सालच्या माउंटांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर होतें. कॅननच्या १९८७ सालच्या माउंटांत ४४. पुढें आरसा गेला आणि ‘मिररलेस’ कॅमेरे जन्मास आले. २०१८ सालीं या दोन्ही कंपन्यांनीं आपल्या मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीं नवीं कडीं काढलीं. सेन्सरपासूनचें अंतर कॅननमध्यें २० मिलिमीटर आणि निकॉनमध्यें १६ इतकें उतरलें. कड्याचें तोंड अनुक्रमें ५४ आणि ५५ मिलिमीटर रुंद झालें. भिंग रचणाऱ्या कारागिराला पूर्वीं कधीं न मिळालेली मोकळीक मिळाली.

मात्र याच कड्यावर विद्युत्-संपर्काच्या बारीक टिकल्यांची एक रांग असते, आणि तिच्यांतून भिंग व कॅमेरा यांचें अखंड संभाषण चालतें. फोकस कोठें न्यावा, छिद्र किती मिटावें, हाताचा कंप कोणीं किती सावरावा, हें सारें त्या संभाषणांत ठरतें. जुनें भिंग मुकें होतें, म्हणून थोड्याशा जोडणीनें तें कोणाच्याहि घरीं नांदे. आजचें भिंग बोलकें आहे, आणि घरची भाषा ज्याला येत नाहीं त्याला उंबऱ्याच्या आंत घेत नाहींत. ती भाषा हें कारखान्याचें गुपित. त्रयस्थानें एक तर परवाना घ्यावा, नाहीं तर दाराला कान लावून ती शिकावी.

आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे एक अध्यापक कारखानदारांचा पक्ष मोठ्या हिरिरीनें मांडतात, आणि तो टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, संशोधनाचा खर्च ज्यानें सोसला, फळ त्यानें कां चाखूं नये? शिवाय कान लावून शिकलेली भाषा केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. सिग्मा कंपनीचीं कांहीं जुनीं भिंगें कॅननच्या पुढच्या कॅमेऱ्यांवर चालेनाशीं झालीं, हा इतिहास आहे. अशा वेळीं गिऱ्हाईक बोल लावतें तो कॅमेऱ्याला. मीं एकदां त्यांना म्हटलें, “पाणिनीनें अष्टाध्यायी रचली, पण संस्कृत बोलणाऱ्याकडून परवाना मागितला नाहीं.” ते तत्काळ उत्तरले, “अहो, पाणिनीनें भाषा निर्माण केली नव्हती. असलेल्या भाषेचे नियम सांगितले. यांनीं भाषाच जन्मास घातली आहे!” उत्तर बिनतोड होतें, आणि मी तें मान्य केलें.

तरीहि इतिहास थोडा मागें जाऊन वाचावा. आज कॅनन नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा विक्रीस आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९३६ चा हंसा कॅनन. त्याचें भिंग कोणाचें? निप्पॉन कोगाकूचें, म्हणजे आजच्या निकॉनचें! नुसतें भिंगच नव्हे, तर तें अडकविण्याचें कडेंहि त्यांनींच करून दिलें. आणि निकॉनची कीर्ति पाश्चात्त्य जगांत पसरली ती कशानें? १९५० सालीं ‘लाइफ’ नियतकालिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यानें टोकियोंत निप्पॉन कोगाकूचीं भिंगें पारखलीं, आपल्या जर्मन लायका कॅमेऱ्यावर चढविलीं, आणि तीं घेऊन तो कोरियाच्या युद्धांत गेला. त्या चित्रांनीं जपानी कांचेविषयींची तुच्छता पुसली. एक घराणें परक्या भिंगावर उभें राहिलें. दुसरें परक्याच्या कड्यावर चढून जगाला दिसलें. दार उघडें असण्याचा लाभ ज्यांना मिळाला, त्यांनींच पुढें कडी लावावी, हें मला खटकतें.

दार उघडें ठेवूनहि संसार चालतो, याचे दाखले आहेत. सोनीनें आपल्या ई-माउंटाचीं मूलभूत परिमाणें २०११ सालीं इतर कारखानदारांना विनामूल्य खुलीं केलीं. लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांनीं २०१८ सालीं एकाच कड्यासाठीं सख्य केलें. निकॉननें २०२२ सालीं तॅमरॉनला आणि २०२३ सालीं सिग्माला परवानगी दिली. कॅननचें मन सर्वांत उशिरा द्रवलें. २०२२ सालीं विल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला पेटंटाच्या हक्कावर बोट ठेवून तिनें भिंगें थांबवावयास लावलीं, आणि २०२४ सालीं सिग्मा व तॅमरॉन यांना वाट दिली तीहि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरतीच. आणि उदार यजमानहि पंक्तिप्रपंच करतोच. सोनीच्या २०२१ सालच्या ए१ कॅमेऱ्याला घरचें योग्य भिंग लावलें, तर तो सेकंदाला ३० चित्रें टिपतो. परकें लावलें कीं १५ वर थांबतो. पाहुण्याला पान वाढलें, पण तूप बेतानेंच!

हा सारा तपशील मी शिकलों तो माझ्या पुतणीमुळें. ती सिंधुदुर्गांत शाळेवर शिक्षिका आहे. कार्तिकापासून तिकडे गांवोगांव जत्रा सुरू होतात आणि देवळाच्या अंगणांत रात्रभर दशावतार रंगतो. दिवसा शेतांत राबलेला माणूस रात्रीं राजा होऊन उभा राहतो. त्यांतले म्हातारे नट एकेक करून चालले आहेत. त्यांचे चेहरे कोणीं तरी नीट टिपून ठेवावेत, हा तिचा ध्यास. पण प्रकाश बेताचा, आणि कॅमेऱ्याबरोबर मिळणारें स्वस्त भिंग त्या अंधारांत थिटें पडतें. एफ ५.६ पेक्षां एफ १.४ चें छिद्र सोळापट प्रकाश आंत घेतें. असलें भिंग मूळ कारखान्याचें घ्यावयाचें, तर तिचे कित्येक महिन्यांचे पगार त्यांत जावयाचे. त्रयस्थाचें तिच्या आवाक्यांत होतें. म्हणून कॅमेऱ्यांच्या गुणदोषांची चर्चा आम्ही करूं लागलों, तेव्हां ती हंसून म्हणाली, “काका, कॅमेरा मी पांच-सात वर्षांनीं बदलीन, भिंगें जन्माचीं. म्हणून नवरा पाहण्याआधीं मी सासर पाहतें आहें.”

तिच्या या वाक्यांत आमच्या पदार्थविज्ञानाच्या स्नेह्यांचें उत्तर आहे, असें मला वाटतें. भाषा निर्माण करणाऱ्याचा हक्क मी नाकारीत नाहीं. त्यानें परवान्याचें वाजवी मोल घ्यावें, भाषा येत नसलेल्याला आधीं ती नीट शिकवावी, आणि आपलें भिंग सरस असल्याचें उघड्या बाजारांत सिद्ध करून दाखवावें. पण ज्यानें कॅमेऱ्याची किंमत एकदां पुरती चुकती केली, त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या खरेदीवरहि आपलाच शिक्का असावा, हा आग्रह व्यापाराच्या मर्यादेबाहेरचा आहे. श्रीमंताला त्याची झळ लागत नाहीं. ती लागते शिक्षिकेला, विद्यार्थ्याला, लग्नसराईवर वर्ष काढणाऱ्या छायाचित्रकाराला. आणि त्यांच्याजवळ नसलेल्या भिंगामुळें जें चित्र निघत नाहीं, त्याची नोंद कोणत्याहि कारखान्याच्या वहींत होत नाहीं.

पुतणीनें शेवटीं परकीं भिंगें सुखानें नांदतात असेंच घर निवडलें. गेल्या जत्रेंतलें एक चित्र तिनें मला धाडलें आहे. सत्तरी ओलांडलेला एक नट पहांटे मुकुट उतरवून बसला आहे, आणि अर्धवट पुसलेल्या रंगाखालून त्याच्या खऱ्या सुरकुत्या दिसूं लागल्या आहेत. त्या चित्रामागचें भिंग कोणत्या गोत्राचें, हें विचारावें असें मला अद्याप एकदांहि वाटलेलें नाहीं.