पंचाची शिट्टी

फुटबॉलचा सामना ऐन रंगात आला आहे. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला असून खेळ संपावयास चार-पाच मिनिटेच उरली आहेत. इतक्यात आघाडीचा एक खेळाडू चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या गोलच्या रोखाने धावत सुटतो. बचाव करणारा खेळाडू त्याला आडवा येतो, दोघांचे पाय क्षणभर एकमेकांत गुंततात आणि आघाडीचा खेळाडू भुईवर कोसळतो. प्रेक्षकांतील अर्धे लोक ‘फाउल! फाउल!’ असे ओरडू लागतात. उरलेले अर्धे तितक्याच त्वेषाने ‘काही नाही, खेळू द्या!’ म्हणून हात उंचावतात. मत सर्वांनाच असते. निर्णय देण्याची जबाबदारी मात्र एकट्याची असते. हा एकटा माणूस मैदानातच, खेळाडूंपासून काही पावलांवर, धापा टाकीत उभा असतो. घडलेली गोष्ट त्याने एकदाच, तीही धावता धावता पाहिलेली असते. तो माणूस म्हणजे सामन्याचा पंच.

न्यायालयातील न्यायाधीशाला पुरावे तपासावयास दिवस, महिने, प्रसंगी वर्षेही मिळतात. साक्षीदारांना तो पुन्हा पुन्हा विचारू शकतो. पंचाजवळ असा अवकाश नसतो. डोळ्याने पाहावयाचे, मनाने तोलावयाचे आणि ओठांनी शिट्टी वाजवावयाची, ही तिन्ही कामे त्याला जवळजवळ एकाच क्षणी करावी लागतात. मग तो काय पाहतो आणि कसे तोलतो?

पहिली गोष्ट ही की, खेळाडू पडला एवढ्यावरून पंच आगळीक ठरवीत नाही. फुटबॉल हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे. चेंडू जवळ असताना दोन खेळाडूंनी खांद्याला खांदा लावून रेटारेटी केली, तर ती नियमाला धरूनच असते, मग त्यात एखादा तोल जाऊन पडला तरी हरकत नाही. उलट, कोणीही न पडता आगळीक घडू शकते. मागून सदरा ओढणे, हाताने ढकलणे, पायात पाय घालून अडखळविणे, लाथ मारणे, अंगावर उडी घेणे या गोष्टी निषिद्ध आहेत. पडणे हा परिणाम होय; पंचाला शोधावयाचे असते ते कारण.

कारण सापडले तरी काम संपत नाही. अपराधाचे वजनही त्याला करावे लागते. फुटबॉलचे एकंदर नियम 17 आहेत. त्यांतील बारावा नियम आगळीक आणि गैरवर्तन यांविषयी आहे. त्या नियमाने पंचाच्या हाती जणू तीन मापे दिली आहेत. खेळाडूने चेंडू मिळविण्याच्या भरात पुरेशी काळजी घेतली नाही आणि प्रतिस्पर्ध्याला धक्का लागला, तर तो झाला निष्काळजीपणा. त्यासाठी प्रतिपक्षाला फ्री किक मिळते. खेळाडूला वेगळी शिक्षा होत नाही. दुसऱ्याला इजा होईल याची पर्वा न करता खेळाडू बेदरकारपणे तुटून पडला, तर फ्री किकखेरीज त्याला ताकीद मिळते आणि पिवळे कार्ड दाखविले जाते. जरुरीपेक्षा फार अधिक बळ वापरून त्याने समोरच्याचा हातपाय धोक्यात घातला, तर लाल कार्ड दाखवून त्याला मैदानाबाहेर काढतात आणि त्याच्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. एकाच सामन्यात दोनदा ताकीद मिळाली, तरीही बाहेरचाच रस्ता धरावा लागतो. हीच आगळीक बचाव करणाऱ्याने आपल्या गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात केली, तर फ्री किकऐवजी पेनल्टी किक दिली जाते. मग गोलपासून 12 यार्डांवर चेंडू ठेवतात आणि मारणारा व गोलरक्षक हे दोघेच समोरासमोर उरतात.

कृती एकच, पाय पुढे टाकण्याची. परंतु पाय जमिनीलगत होता की गुडघ्याइतका उंच, बुटाचे तळवे पुढे होते की नव्हते, वेग किती होता, चेंडू हाती लागण्याची खरोखर शक्यता होती की नव्हती, यांवरून तिचा अर्थ पालटतो. चेंडूला स्पर्श केला म्हणजे सर्व माफ, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चेंडू काढून घेताना कोणी दुसऱ्याच्या नडगीवर भलत्या जोराने आदळला, तर चेंडूला पाय लागला ही सबब चालत नाही.

हे सारे नीट दिसावे म्हणून पंचाला योग्य जागी पोचावे लागते. चेंडूच्या अगदी पाठीमागून धावणाऱ्याला दोन खेळाडूंच्या पाठी तेवढ्या दिसतात. म्हणून तो बाजूने, तिरक्या रेषेत धावतो आणि दोघांच्या मधली फट आपल्या नजरेत ठेवतो. एका सामन्यात पंचाचे 10 ते 12 किलोमीटर धावणे सहज होते. एवढे करूनही जे दृष्टीआड राहते, ते टिपण्यासाठी दोन्ही बाजूंच्या रेषांवर त्याचे सहायक हाती निशाण घेऊन उभे असतात.

शिट्टी केव्हा वाजवू नये, हे कळणे तर त्याहून कठीण. एखाद्याला पाडण्यात आले, पण चेंडू त्याच्याच सोबत्याकडे गेला आणि समोर गोल मोकळा आहे. अशा वेळी शिट्टी वाजविली, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच नुकसान होईल! म्हणून पंच दोन्ही हात पुढे पसरून खेळ चालू ठेवण्याची खूण करतो. अपराध मात्र तो विसरत नाही. खेळ थांबला की अपराध्याला बोलावून जी ताकीद द्यावयाची ती देतो. कायदा अन्याय दूर करण्यासाठी असतो, अन्यायात भर घालण्यासाठी नव्हे, ही जाणीव या पद्धतीमागे आहे.

पंचाला फसविण्याचे प्रयत्नही होतात. कोणाचा स्पर्श झाला नसता काही खेळाडू हातपाय पसरून पडतात आणि कळवळून लोळू लागतात. हे उघडकीस आले, तर पडणाऱ्यालाच पिवळे कार्ड मिळते. नियमांच्या दृष्टीने धसमुसळेपणाप्रमाणेच खोटेपणाही गैरवर्तनच होय.

प्रारंभी मात्र मैदानावर पंच नव्हताच. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने खेळाचे पहिले नियम लिहून काढले, तेव्हा सभ्य माणसे आपसांतच वाद मिटवितील अशी समजूत होती. पुढे प्रत्येक संघ आपापला पंच आणू लागला. खेळाडूने दाद मागितली तरच ते विचार करीत, आणि दोघांचे मत जुळले नाही, तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या गृहस्थाला विचारीत. त्या तिसऱ्या गृहस्थाचे इंग्रजी नाव रेफरी, म्हणजे ज्याच्याकडे प्रश्न सोपवावयाचा तो. सामने जसजसे चुरशीचे झाले, तसतसे कळून आले की, आपल्याच पक्षाचा न्याय आपण करणे माणसाला फार जड जाते. अखेर 1891 मध्ये रेफरीला मैदानात आणून निर्णयाचा अधिकार देण्यात आला आणि संघांचे दोन पंच रेषांवर गेले. त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियम झाला. तो सुचविणारे विल्यम मॅक्रम हे आयर्लंडमधील एक गोलरक्षक होते. सभ्य खेळाडू मुद्दाम आगळीक करीलच कसा, असे म्हणून त्या वेळी कित्येकांनी या नियमाला नाक मुरडले होते. अनुभवाने मॅक्रमच खरे ठरले.

निर्णय योग्य असून भागत नाही. तो ज्याच्याविषयी आहे त्याला समजलाही पाहिजे. हे ज्यांनी स्वतः सोसून जाणले, ते केन ॲस्टन हे इंग्लंडमधील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. 2 जून 1962 रोजी चिली देशातील सांतियागो शहरी जागतिक स्पर्धेतील चिली आणि इटली यांच्या सामन्यात ते पंच होते. सामन्यापूर्वीच दोन्ही पक्षांची मने कलुषित झालेली होती. खेळ सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच इटलीच्या एका खेळाडूला बाहेर जाण्याचा हुकूम ॲस्टन यांना द्यावा लागला. तो जाईना. शेवटी पोलिसांनी मैदानात येऊन त्याला नेले. पुढे इटलीचा आणखी एक खेळाडू बाहेर गेला. चिलीच्या एका खेळाडूने ठोसा मारूनही त्याला बाहेर काढण्यात आले नाही, म्हणून ॲस्टन यांच्यावर टीकाही झाली. चिलीने तो सामना 2-0 असा जिंकला. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती मारामारी.

चार वर्षांनी, 23 जुलै 1966 रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना होता. पंच होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. अर्जेंटिनाचा कर्णधार आंतोनियो रातीन हा वारंवार हुज्जत घालू लागला, तेव्हा त्यांनी त्याला बाहेर जाण्यास सांगितले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि रातीनला जर्मन येत नव्हते. त्याने दुभाष्याची मागणी केली आणि कितीतरी वेळ तो जागचा हलला नाही. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचेही त्यांना मैदानावर नीटसे उमगले नव्हते.

त्या स्पर्धेतील पंचांच्या कामावर देखरेख करण्याची जबाबदारी ॲस्टन यांच्यावर होती. वेम्ब्लीहून मोटारीने परतताना हाच विचार त्यांच्या मनात घोळत होता. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर रहदारीचे दिवे लागले. पिवळा दिवा, म्हणजे सावध व्हा. तांबडा दिवा, म्हणजे थांबा. हे दिवे कोणत्याही भाषेत बोलत नाहीत, तरी सर्वांना कळतात! मुख्याध्यापकांना उत्तर सापडले. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद आणि लाल कार्ड म्हणजे बाहेर. 1970 साली मेक्सिकोत झालेल्या जागतिक स्पर्धेत ही कार्डे प्रथम वापरण्यात आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही काढावे लागले नाही. जागतिक स्पर्धेतील पहिले लाल कार्ड 1974 मध्ये दाखविले गेले, तेही चिलीच्याच एका खेळाडूला. आज गावोगावच्या मैदानांवरील मुलेही त्या दोन रंगांची भाषा जाणतात.

अर्थात, रंग स्पष्ट झाले म्हणून दृष्टी अचूक होत नाही. 22 जून 1986 रोजी मेक्सिको शहरात इंग्लंडविरुद्ध खेळताना अर्जेंटिनाचा विख्यात खेळाडू दिएगो मॅरादोना याने उडी मारून चेंडू हाताने गोलमध्ये ढकलला. पंचांना हात दिसला नाही, रेषेवरच्या सहायकानेही निशाण उंचावले नाही आणि गोल मान्य झाला. घरोघरी चित्रवाणीवर पाहणाऱ्यांना जे पुन्हा पुन्हा दिसले, ते मैदानावरील पंचाला एकदाही दिसले नव्हते. अशा चुका टळाव्यात म्हणून 2018 च्या जागतिक स्पर्धेपासून चित्रफीत तपासणारे पंच मदतीला आले. गोल, पेनल्टी, लाल कार्ड अशा महत्त्वाच्या प्रसंगी उघड चूक झाली असेल, तर ते मैदानावरील पंचाला कळवितात आणि तो पडद्यावर तीच घटना पुन्हा पाहू शकतो. तथापि यंत्र केवळ काय घडले ते दाखविते. तो पाय निष्काळजीपणे पडला की बेदरकारपणे, हे ठरवावे लागते माणसालाच.

आगळीक झाली की नाही, हे पंचापेक्षाही अधिक अचूक जाणणारा एक जण मैदानावर नेहमीच हजर असतो. तो म्हणजे ज्याच्या हातून ती घडते तो खेळाडू. 26 सप्टेंबर 2012 रोजी इटलीतील नेपल्स शहरी लात्सिओ आणि नापोली या संघांचा सामना नुकताच सुरू झाला होता. लात्सिओकडून खेळणारा जर्मन खेळाडू मिरोस्लाव्ह क्लोझ याच्याकडे आलेला चेंडू त्याच्या हाताला लागून गोलमध्ये गेला. पंचांनी गोल दिला. प्रतिपक्षाने तक्रार केली, तेव्हा क्लोझने पंचांजवळ सरळ सांगून टाकले की, चेंडू हाताला लागला होता. गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी पुढे होऊन क्लोझचा हात हातात घेतला. त्या दिवशी त्याचा संघ 3-0 असा हरला. हरल्याचे दुःख त्यालाही झालेच असेल. परंतु त्या सामन्यातील तीन गोलांपेक्षा न झालेला तो चौथा गोलच अनेकांच्या ध्यानात राहिला आहे.

आता पुन्हा त्या पहिल्या क्षणाकडे वळू या. मैदानावर एक खेळाडू पडलेला आहे, दुसरा हात वर करून आपण निर्दोष असल्याचे सांगत आहे आणि हजारो कंठ ओरडत आहेत. पंचाने शिट्टी ओठांशी नेली आहे. तो जे पाहू शकला त्यावरून निर्णय देईल, आणि तो निर्णय दोन्ही संघ पाळतील. त्याचा निर्णय कधी चुकेलही. परंतु खरे काय घडले हे ठाऊक असलेला खेळाडू त्याच्यासमोर चार पावलांवर उभा आहे. त्या खेळाडूच्या मनातही एक शिट्टी असते. ती वाजली, तर बाहेरच्या शिट्टीचे काम पुष्कळ हलके होते.