तिघांत खोटं कोण?

कॉम्प्युटरवाल्यांचा एक जुना प्रश्न आहे, बायझंटाइन सेनापतींचा. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या तिघांनी तो १९८२ साली मांडला. शहराला वेढा पडलाय, सेनापती वेगवेगळ्या ठिकाणी, निरोप जासूदांकरवी. चढाई की माघार, सगळ्यांनी मिळून एकच ठरवायचं. अडचण एवढीच, की त्यांच्यातलाच कुणी फितूर असू शकतो. सेनापती म्हणजे अर्थात नेटवर्कवरची यंत्रं.

गंमत अशी, की तिघं असतील आणि त्यातला एक फितूर, तर नुसत्या तोंडी निरोपांवर काही खात्रीनं ठरवता येत नाही. चौघं लागतात. दोन फितूर असतील तर सात. कॉलेजात याची सिद्धता पाठ केली होती. कळली मात्र बाबा गेल्यावर.

गावचं घर विकायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न. दादा मला फोनवर म्हणाला, "विकून टाकू." ताई म्हणाली, "अरे, मला तर तो म्हणाला, ठेवू या." झालं! एकतर दादा दोघांना दोन गोष्टी सांगतोय, नाहीतर ताई त्याच्या नावावर स्वतःचं खपवतेय. माझ्या जागेवरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. दादाला उलट विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. मी ताईला खोटं ठरवलं. सहा महिने तिच्याशी बोललो नाही.

उपाय त्याच पेपरात आहे: सहीचे निरोप. नक्कल न होणारी सही असेल तर तिघांतही निभावतं. मधल्याला निरोप बदलता येत नाही, आणि दोन तऱ्हेचे हुकूम देणारा स्वतःच्याच सहीनं सापडतो.

एक दिवस ताईचं पाकीट आलं. आत दादानं तिला लिहिलेलं पत्र, त्याच्याच अक्षरात. घर ठेवू या.

मग मात्र दादाला विचारलंच. म्हणाला, "तुला पैशांची नड होती, आणि ती रडत होती. काय सांगणार होतो रे?"

फितुरी नव्हतीच. पण त्या गणितात हेतू कुणी विचारत नाही. बिघडलेला सेन्सर दोन कॉम्प्युटरना दोन आकडे देतो, त्याच्या मनात थोडंच कपट असतं? घोळ तेवढाच होतो.

घर अजून आहे. ताईची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "पत्र पाठवावं लागलं ना, त्याचंच वाईट वाटलं."