ट्रकला चेहरा आहे, ड्रायव्हरला नाही

स्टीव्हन स्पीलबर्गबद्दल एक किस्सा सांगतात. १९७३ साली रोममध्ये त्याची पत्रकार परिषद होती. वय सव्वीस, हॉलिवूडबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या पत्रकारांनी त्याचा 'ड्युएल' पाहिला होता आणि त्यांना त्याचा अर्थ लागला होता. लाल मोटारीतला टाय लावलेला सेल्समन म्हणजे सुखवस्तू वर्ग, आणि त्याच्या मागे लागलेला मळकट, धूर ओकणारा टँकर म्हणजे कामगार वर्ग. बरोबर ना? स्पीलबर्ग म्हणाला, नाही, तसं काही माझ्या डोक्यात नव्हतं. त्यावर काही पत्रकार उठून निघून गेले.

ज्याने सिनेमा काढला तोच 'असं नाही' म्हणतोय आणि बघणारे रागावून जातायत. हा सिनेमा मी दोनदा, दोन वेगळ्या घोळक्यांबरोबर पाहिला आहे. त्यानंतर मला त्या रागावलेल्या लोकांचं म्हणणं थोडंफार कळायला लागलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: 'ड्युएल' मुळात अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी केलेला टीव्हीवरचा सिनेमा. १३ नोव्हेंबर १९७१ला दाखवला गेला. बजेट साधारण साडेचार लाख डॉलर, चित्रीकरणाला दिलेले दिवस १०, लागले १३. कथा रिचर्ड मॅथेसनची. केनेडींची हत्या झाली त्या दिवशी, म्हणजे २२ नोव्हेंबर १९६३ला, मित्राबरोबर गोल्फ खेळून परतताना एका ट्रकने त्यांच्या गाडीचा पिच्छा पुरवला होता, त्यातून ती सुचली. गोष्ट दोन ओळींची आहे. डेव्हिड मान नावाचा माणूस कामानिमित्त कॅलिफोर्नियाच्या ओसाड डोंगराळ भागातून लाल प्लिमथ व्हॅलियंट चालवत निघालाय. पुढच्या टँकरचा धूर नाकात जातो म्हणून तो ओव्हरटेक करतो. मग टँकर त्याला मारायला मागे लागतो. बास. टँकर चालवणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. कधी खिडकीतून हात दिसतो, कधी ट्रकखालून बूट.

गंमत अशी की ट्रक मात्र चेहरा बघूनच निवडला होता. स्पीलबर्गने जुनी पीटरबिल्ट घेतली, कारण लांब नाक, गोल दिवे आणि दोन भागांतली काच यामुळे ती समोरून तोंडासारखी दिसते. म्हणजे यंत्राला चेहरा आहे आणि माणसाला नाही.

पहिल्यांदा मी तो हिंजवडीच्या फ्लॅटवर पाहिला. आम्ही चौघी, सगळ्या आयटीतल्या, शुक्रवारची रात्र, लॅपटॉप खुर्चीवर ठेवलेला. प्रतिक्रिया अपेक्षित होत्या त्याच आल्या. पाचव्या मिनिटाला, "यू-टर्न का मारत नाही हा?" विसाव्याला, "मोबाईल असता तर पिक्चर इथेच संपला असता." (पुढे तो टेलिफोन बूथवरून पोलिसांना फोन लावतोच, आणि टँकर अख्खा बूथ उडवतो. त्यावर सगळ्या किंचाळल्या.) मग एकीने पॉज करून टँकरचा पुढचा बंपर दाखवला. त्यावर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबर प्लेट ठोकलेल्या आहेत. ती म्हणाली, "या आधी मारलेल्यांच्या आहेत. ट्रॉफी." चाहत्यांमध्ये हाच अर्थ रूढ आहे, आणि ऐकला की अंगावर काटा येतो. शेवटी टँकर कड्यावरून खाली गेला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. थ्रिलर असाच बघायचा असतो.

टाळ्या थांबल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "हायवेवरचे हे ट्रकवाले असेच असतात यार. सायको." तिने ते सहज म्हटलं. माझे वडील २६ वर्षं ट्रक चालवत होते हे तिला माहीत नव्हतं. मी बोलले नाही, कारण त्या क्षणी बोललं असतं तर तिला माफी मागावी लागली असती आणि मला 'अगं असू दे' म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा दिवाळीला घरी गेले तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि अण्णांना म्हटलं, "ट्रकचा पिच्चर आहे. बघा."

आमचं गाव कऱ्हाडजवळ. अण्णांनी आधी टाटाची सहा चाकी चालवली, नंतर दहा चाकी. साखर, गूळ घेऊन मुंबईला, येताना मिळेल तो माल. एक्स्प्रेस-वे नव्हता तेव्हाही: खंबाटकी, कात्रज, मग बोर घाट. त्यांना इंग्रजी येत नाही, पण या सिनेमात संवाद नावापुरतेच आहेत. मला भाषांतराचं कामच पडलं नाही.

पहिली प्रतिक्रिया तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आली. "टँकर रिकामा हाय."

"कशावरून?"

"भरल्याली गाडी चढाला अशी पळती व्हय?"

पुढे चढावर मानच्या गाडीचा रेडिएटरचा होज फुटतो. पेट्रोल पंपावरच्या माणसाने त्याला आधी सांगितलेलं असतं की बदलून घे, आणि याने टाळलेलं असतं. अण्णा हसले. "सांगितल्यालं ऐकायचं न्हाई, मग देवाचं नाव घ्यायचं." कसाबसा माथा गाठल्यावर तो गाडी न्यूट्रल करून उतार सोडतो, तेव्हा मात्र ते ताठ बसले. उतारावर न्यूट्रल केली की इंजिनाचं आवरणं संपतं, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापून सुटतात. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एवढे अपघात होतात, त्यांच्या बातम्यांत हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. थोडं डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल. ते वाचवलेलं डिझेल कुणाच्या खिशात जातं आणि जीव कुणाचा जातो, याचा हिशोब अण्णांनी मला शाळेत असतानाच शिकवला होता.

मला वाटलं होतं, ते टँकरवाल्याची बाजू घेतील. तसं झालं नाही. एका ठिकाणी टँकरवाला खिडकीतून हात काढून मानला 'जा पुढे' अशी खूण करतो. मान ओव्हरटेक करायला निघतो आणि समोरून गाडी येते. थोडक्यात वाचतो. अण्णा एकदम चिडले. "हा डायवर न्हवं."

"का?"

"हातावर इस्वास ठिवून मागचा गाडी काढतो. त्येला पुढचं दिसत न्हाई, आपल्याला दिसतं. तो हात खोटा न्हाई काढायचा. दारू पिल्याला डायवरबी न्हाई काढायचा."

फ्लॅटवर आम्ही चौघींनी तो प्रसंग अनेक धक्क्यांपैकी एक म्हणून पाहिला होता. अण्णांच्या दृष्टीने खून तिथेच झाला होता, बाकी सगळी पळापळ.

मग शाळेच्या बसचा प्रसंग आला. तो मूळ टीव्हीच्या ७४ मिनिटांत नाही. युरोपात थिएटरमध्ये लावायला सिनेमा ९० मिनिटांचा केला तेव्हा जास्तीचं चित्रीकरण झालं, त्यातला हा. बंद पडलेली बस मान आपल्या छोट्या गाडीने ढकलायला बघतो आणि स्वतःच अडकतो. टँकर येतो. मान घाबरून पळ काढतो. आणि टँकर शांतपणे बसला मागून टेकून तिला ढकलत रस्त्याला लावतो. "आता?" अण्णा म्हणाले. "पोरांची बस काढली की त्येनं." आणि बराच वेळ विचारात पडले. खोटा हात काढणारा आणि बस ढकलणारा एकच माणूस कसा, हे कोडं त्यांना खरंच सुटेना. मला तर ते कोडं आहे हेच आधी दिसलं नव्हतं.

सिनेमाच्या मध्यावर एक कॅफे आहे. मान आत जाऊन तोंड धुऊन बाहेर येतो, खिडकीतून बघतो तर टँकर दारात उभा. म्हणजे तो ड्रायव्हर याच खोलीत, जेवणाऱ्यांपैकी कुणीतरी आहे. मान एकेकाचे बूट बघत बसतो. शेवटी एकावर संशय घेतो, त्याच्याशी भांडतो, मार खातो. तो माणूस भलताच निघतो.

इथे अण्णांनी हाताने 'थांबव' अशी खूण केली. मी पॉज केलं.

त्यांनी सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. आईनेही नाही. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. कोल्हापूरच्या अलीकडे एका ढाब्यावर ते रात्री जेवून बाजेवर पडले होते. एक मोटार येऊन थांबली, चौघं उतरले. मागे कुठेतरी एका ट्रकने त्यांच्या गाडीला घासून आरसा उडवला होता आणि थांबला नव्हता. अंधारात त्यांना एवढंच दिसलं होतं की ड्रायव्हरने लाल बनियन घातला होता. अण्णांच्या अंगात लाल बनियन होता.

"मग?"

"मग काय. दोन-चार बसल्या कानाखाली."

"तुम्ही सांगितलं नाही, मी नव्हतो म्हणून?"

"सांगितलं की."

थोडं थांबून म्हणाले, "ज्येनं केलं व्हतं तो पल्याडच्या बाजंवर पडला व्हता. चादर वडून. मला ठावं व्हतं."

मी विचारलं, मग त्याच्याकडे बोट का नाही दाखवलं.

"माझी चूक न्हवती म्हणून मला दोन-चारवर सोडलं. त्येला घावला आसता तर सोडला न्हसता."

जानेवारी २०२४मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला होता, आठवतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये तरतूद होती: बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक न कळवता पळून गेला, तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. आमच्या ऑफिसात तेव्हा चर्चा पेट्रोल पंपावरच्या रांगांची होती. आणि दुसरी, "पळून जायचं नाही एवढंच तर म्हणतायत, त्यात संप कसला?" मलाही तो प्रश्न बिनतोड वाटला होता. ज्याचा माणूस रस्त्यावर तडफडत पडला त्याच्या बाजूने आजही वाटतो. पण थांबलं तर जमाव काय करतो, हे ट्रकवाले ओरडून सांगत होते, आणि ते मला बाजेवरच्या त्या चादरीपर्यंत नीट ऐकू आलं नव्हतं. सरकारने चर्चेचं आश्वासन देऊन ते कलम लागू करणं पुढे ढकललं. चर्चाही मग रांगांबरोबरच विरली.

मी नोकरीत काय करते ते इथे सांगायला हवं. मालवाहू गाड्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. नकाशावर ठिपके सरकतात. प्रत्येक ठिपक्याला एक गाडी क्रमांक आणि एक गुण. अचानक ब्रेक दाबला, गुण कमी. वेगमर्यादा ओलांडली, गुण कमी. ठरल्यापेक्षा जास्त थांबला, गुण कमी. हे उपयोगाचं आहे, यातून अपघात टळतात, मला माझ्या कामाची लाज वाटत नाही. फक्त ब्रेक कशासाठी दाबला, पुढे म्हैस आली की झोप आली, हे त्या तक्त्यात कुठेच मावत नाही. ठिपक्याला बूटसुद्धा नसतात. गेल्या महिन्यात मी ड्रायव्हरला त्याच्या मोबाईलवरून कारण बोलून नोंदवता यावं, असा प्रस्ताव टीममध्ये मांडला. तो यादीत सदतिसावा आहे. वर येईल असं नाही, पण प्रत्येक बैठकीत मी तो वाचून दाखवते.

अण्णांनी पाणी पिऊन 'लाव' म्हटलं. पुढचा सिनेमा आम्ही तिघांनी पाहिला, आईही स्वयंपाकघरातून येऊन बसली होती. शेवटी मान ब्रीफकेस ॲक्सिलरेटरवर अडकवतो, गाडी टँकरच्या अंगावर सोडून उडी मारतो. धूर, धूळ, आणि टँकर कड्यावरून खाली. मान उड्या मारत हसतो. आमच्या घरी टाळ्या वाजल्या नाहीत. अण्णा खाली पडलेल्या गाडीकडे बघत होते.

आईने विचारलं, "त्या डायवरच्या घरी कळलं का गं?"

मी म्हटलं, "दाखवलं नाही."

"नंबरावरनं कळतं," अण्णा म्हणाले. मग त्यांना बंपर आठवला. मी मैत्रिणीचा ट्रॉफीचा अर्थ सांगितला, तो त्यांना पटला नाही. "परमिटं आसतील. तेवढ्या राज्यांत गाडी फिरत आसंल." अमेरिकेत त्या काळी ट्रकना खरोखरच अनेक राज्यांच्या प्लेट लावाव्या लागत, हे मी नंतर वाचलं. आपल्याकडेही नॅशनल परमिटच्या गाड्यांवर राज्यांची नावं रंगवलेली असायची.

"पर एवढ्या प्लेटा म्हंजी," अण्णा आईला म्हणाले, "कुठल्या गावचा ते हुडकायला येळ लागंल."