तेरणाकाठची शिवणखोली

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याचे नाव निघाले की कुणाला तुळजापूर आठवते, कुणाला नळदुर्गचा पाणीमहाल, तर कुणाला उस्मानाबादी शेळी. कापड आणि शिवणकाम सहसा कुणाला आठवत नाही. पण या मातीचे कापडाशी नाते दोन हजार वर्षांचे आहे. तेरणा नदीच्या काठी असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या तगराची नोंद आहे. इथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून जहाजाने समुद्रापार.

त्याच तेरणेच्या काठाने खाली गेले की लोहारा तालुक्यातला सास्तूरचा परिसर लागतो. आम्ही दोघी यंदा धाराशिवहून तेर, तुळजापूर, नळदुर्ग करत तिथवर गेलो. आम्हाला किल्ले पाहायचे होतेच, पण त्याहून जास्त घरे पाहायची होती. दहा बाय बाराच्या खोलीत संसारही चालतो, मुलांचा अभ्यासही होतो, नमाजही होते आणि शिवणयंत्रही चालते, ते कसे, हे आपल्या वाचक भगिनींसाठी जवळून पाहायचे होते. आपल्यापैकी किती घरांत मशीन आहे आणि जागा नाही, हे आम्ही जाणतो.

धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी (रहे.) यांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन आम्ही जुन्या वस्तीतल्या एका घरी गेलो. घर जुन्या पद्धतीचे, माळवदाचे. मराठवाड्यात असे घर खणांनी मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. कपाटाच्या कप्प्यालाही आपण खणच म्हणतो आणि चोळीच्या कापडालाही खणच. त्या घरातल्या खाला हसून म्हणाल्या, "बेटा, एका खणात राहते, दुसऱ्या खणात खण शिवते, आणि तिसऱ्या खणात सुया-दोरा ठेवते. तीन खणांत जिंदगी निघाली."

खालांची मशीन पायाची आहे. वीज गेली तरी काम थांबत नाही, हा तिचा मोठा गुण. मशीन खिडकीला लागून अशी ठेवली आहे की बसल्यावर उजेड डाव्या हाताने येतो. मशीनचे चाक उजवीकडे आणि सुई डावीकडे असते, त्यामुळे डावीकडून आलेला उजेड थेट सुईवर पडतो, हाताची सावली पडत नाही. काळ्या बुरख्यावर काळा दोरा चालवायचा असेल तर या एका गोष्टीने डोळ्यांचा निम्मा ताण वाचतो. रात्रीसाठी भिंतीला एक लहान एलईडी दिवा, तोही डावीकडेच.

बटणे, हूक, टिकल्या ठेवायला खालांकडे त्यांच्या सासूबाईंचे पितळी पानदान आहे. पान खाणारे कुणी उरले नाही, पण कात, चुना, सुपारीच्या वाट्या तशाच आहेत. एका वाटीत हूक, दुसरीत काचबटणे, तिसरीत भरलेल्या बॉबिन. झाकण लावले की पोरांचा हात पोहोचत नाही. ज्यांच्याकडे पानदान नाही त्यांना स्वयंपाकघरातला जुना मिसळणाचा डबा तेच काम देईल.

तुळजापुरात नवरात्राच्या आधी आणि लग्नसराईत शिवणाऱ्या बायकांना उसंत नसते. देवीच्या ओटीत खण-नारळ, लग्नात मानाचे खण, आणि ते खण शेवटी कुणाच्या तरी मशीनवर येतात. एका गल्लीत आम्हाला भेटलेल्या भाभींकडे अर्ध्याहून अधिक गिऱ्हाइके शेजारच्या हिंदू घरांतली होती. कुणाची चोळी, कुणाच्या नातीचे परकर-पोलके, तर कुणाच्या साडीला फॉल-पिको. रमजानमध्ये याच भाभींकडे आपल्या घरांचे सलवार-कुर्ते येतात. म्हणजे वर्षाला दोन हंगाम आणि जागा मात्र तेवढीच.

या भाभींची रीत आम्हाला फार आवडली. प्रत्येक गिऱ्हाइकाचे कापड, अस्तर, लेस आणि नमुन्याचा जुना ब्लाऊज एकाच कापडी पिशवीत. पिशवीला नाव आणि द्यायची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. पिशव्या दाराच्या मागे खुंट्यांवर, तारखेच्या क्रमाने. शिवून झाल्यावर उरलेला तुकडा, मग तो वीतभर का असेना, त्याच पिशवीत परत जातो. भाभी म्हणाल्या, "कापड माझे नाही, अमानत आहे. अमानत दुसऱ्याच्या कापडात मिसळली की कामातली बरकत गेली." शिंपी कापड ठेवून घेतो ही बाजारातली जुनी तक्रार आहे. लहान घरात बहुतेक वेळा तुकडे नियतीने नाही, पसाऱ्याने हरवतात. पिशवीच्या या एका सवयीने पसाराही थांबतो आणि संशयही.

भाभींच्या खोलीच्या एका कोपऱ्यात छताला तार बांधून पडदा सोडला आहे. माप घेताना तो ओढायचा. जेमतेम तीन बाय तीन फुटांची ही जागा. पण घरात दीर आहेत, सासरे आहेत, आणि बाहेरून आलेल्या बाईला संकोच वाटतो. पडद्यामुळे ती निर्धास्त माप देते आणि पुन्हा येते. बाजारातल्या दुकानात जायला ज्या मुली लाजतात त्या इथे येतात, हे भाभींनी सांगितले तेव्हा त्या तीन फुटांची किंमत आम्हाला कळली.

नळदुर्गला किल्ला पाहिला. इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या पोटातच महाल आहे. बंधाराही तोच आणि बैठकीची जागाही तीच. एका जागेची दोन कामे कशी करावीत, हे इथल्या कारागिरांना चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते म्हणायचे. तिथून उमरगा-लोहाऱ्याच्या बाजूला वळलो आणि सास्तूर परिसरात आलो.

इथे मन जड होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे अवजड माळवद, तेच ओझे माणसांवर आले. पुढे 52 गावे नव्या जागी पूर्णपणे वसवली गेली. घरे जमिनीच्या हिशोबाने मिळाली. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 400, आणि मोठ्या शेतकऱ्यांना 750. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनाच घरबसल्या कामाची गरज जास्त, आणि घर मात्र त्यांचेच सर्वांत लहान.

अशाच एका 250 चौरस फुटांच्या घरात आम्ही एक दुपार बसलो. घरात सहा माणसे. घरधनीण आपा भूकंपाच्या वेळी लहान मुलगी होत्या. त्यांनी स्वतःच हिशोब मांडून दाखवला. मशीन तीन फूट लांब, आणि मशीनसह बसायची जागा धरून साडेतीन फूट खोल, म्हणजे साडेदहा चौरस फूट. "घराचा साधारण चोविसावा हिस्सा मशीनचा, बाकी सगळ्यांचा. पण बेतायला बसले की सगळे घर माझेच व्हायचे." कारण कापड बेतताना ते जमिनीवर पसरावे लागे, मुलांना बाहेर काढावे लागे आणि मग कंबर धरे.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा. चार फूट लांब, अडीच फूट रुंद प्लायची एक फळी सुताराकडून कापून घेतली, कडा घासून घेतल्या. 44 इंच पन्ह्याचे कापड दुमडले की 22 इंच होते. कमीजची लांबी 42 इंच धरली तरी फळीवर सहज मावते. ही फळी दिवाणावर ठेवली की बेतायचे टेबल, वर जुनी चादर चौपदरी करून अंथरली की इस्त्रीची जागा, आणि मगरिबनंतर तीच फळी दोन ट्रंकांवर ठेवली की मुलांचे अभ्यासाचे टेबल. काम संपले की दिवाणामागे भिंतीला उभी. आमच्या डोळ्यांसमोर ती फळी दोन मिनिटांत हलली.

आपांच्या घरात जागेइतकेच वेळेचेही माप ठरलेले आहे. फजरनंतर डोके शांत आणि गारवा असतो, तेव्हा बेतायचे. पंखा बंद ठेवता येतो, कापड उडत नाही. मुले शाळेत गेली की मशीन चालवायची. दुपारी सासरे झोपतात तेव्हा हूक-काज, तुरपाई, म्हणजे बिनआवाजाची कामे. असरनंतर गिऱ्हाईक. मगरिबनंतर मशीनवर कापडी खोळ चढते आणि खोली मुलांची होते. पश्चिमेच्या भिंतीपुढची जानमाजेपुरती जागा त्यांनी कायम मोकळी ठेवली आहे. तिथे ना पिशवी, ना स्टूल. दिवसातून पाच वेळा जागा रिकामी करायची वेळ आली की माणूस कंटाळतो, म्हणून ती भरायचीच नाही.

आम्ही वर पाहिले. छताखाली माळा नाही. इतक्या लहान घरात माळा का नाही, असे विचारले तेव्हा आपा क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "वर वजन ठेवत नाही. आमच्या गावात वरचे वजन काय करते ते आम्ही पाहिले आहे." कापडाचे गठ्ठे, बंद मशीनचे जुने मुंडके, इस्त्री, सगळे जड सामान त्यांच्या घरी कमरेच्या खाली, दिवाणात किंवा ट्रंकेत. भिंतीवर फक्त हलक्या वस्तू. दोऱ्याच्या रिळांसाठी खिळे मारलेली एक पट्टी, मोजपट्टी, कागदी नमुन्यांची गुंडाळी. कात्री मात्र उंच खुंटीवर, लहान मुलाच्या हातापलीकडे. ज्यांच्या घराखाली कधी जमीन हलली नाही त्यांनीही झोपायच्या जागेवर जड गठ्ठे रचू नयेत, हे आम्ही तिथून शिकून आलो.

आणखी एक गोष्ट. ज्या जमिनीवर दिवसा टाचण्या पडतात त्याच जमिनीवर रात्री मुले झोपतात, सजदाही तिथेच होतो. म्हणून रोज संध्याकाळी आपा जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून फरशीवरून फिरवतात. सुई मोडली तर तिचे दोन्ही तुकडे सापडेपर्यंत जागेवरून उठायचे नाही, हा त्यांचा कडक नियम आहे. तुकडे एका बंद डबीत. इस्त्रीसाठी भिंतीवरचा स्वतंत्र प्लग, लांबवलेली वायर पायात येऊ द्यायची नाही. चिंध्या दोन पिशव्यांत वेगळ्या होतात. सुती वाकळेसाठी, नायलॉनच्या उशीत भरायला. आपांच्या मुलीच्या अंगावर थंडीत असते ती वाकळ साऱ्या गल्लीच्या कपड्यांची आहे.

भूकंपानंतर या भागात बायकांनी फार काम केले आहे. दुरुस्ती आणि पुनर्बांधणीच्या काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले, आणि घर कसे बांधावे यात बायकांचा शब्द पहिल्यांदा ऐकला जाऊ लागला. पुढे बचत गट आले, लहान धंदे आले. नव्या गावांत घरे दूर दूर झाली, ओसरी गेली, म्हणून अनेकांनी पुढे पत्र्याची शेड काढली. शेडमध्ये मशीन ठेवणाऱ्या बायका उन्हाळ्यात सकाळीच काम उरकतात, दुपारी पत्रा तापला की आत बसवत नाही.

ज्या भगिनींना नवी मशीन किंवा अवजारे घ्यायची आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 पासून सुरू आहे. तिच्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकामही आहे. वय 18 पूर्ण हवे आणि लाभ कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळतो. नोंदणीचे काम सीएससी केंद्रांकडे आणि खेड्यातली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपवली गेली. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. कर्ज घेण्याआधी मात्र घरात शांतपणे बसून हिशोब करावा. मोठी मशीन आली आणि ठेवायला जागा नाही, असे होऊ नये.

परतीच्या वाटेवर आम्ही एक यादी केली, ती वाचकांसाठी इथे देतो. मशीन डाव्या उजेडाला. बेतायला एक हलती फळी. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी पिशवी. जड ते खाली, धारदार ते उंच. मापासाठी पडदा. नमाजेची जागा सदैव मोकळी. संध्याकाळी लोहचुंबक. यातले काहीच महाग नाही, आणि यासाठी वेगळी खोलीही लागत नाही.

मशीन घरात असते तेव्हा बाईच्या हातात चार पैसे येतात, मुलीची फी वेळेवर जाते, औषधासाठी कुणाचे तोंड पाहावे लागत नाही. पण पसाऱ्यावरून घरात रोज भांडण होऊ लागले की पहिल्यांदा बंद होते ती मशीनच. म्हणून ही साडेदहा फुटांची जागा नीट लावायला हवी. घरातल्या पुरुषांनीही एक खुंटी ठोकून, एक फळी उचलून यात हात द्यावा. अल्लाह आपल्या घरांत आणि हातांच्या कामात बरकत देवो.